निमित्ताशिवाय

पेण तालुक्यातल्या आमच्या जोह्यात मोदक बारा महिने असतो, फक्त खायचा नसतो. गणपतीच्या मूर्तीच्या डाव्या हातात तो साच्यातूनच येतो. कळ्या बुजलेल्या असतात, त्या मूर्ती वाळल्यावर कोरणीने मोकळ्या करायच्या, पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा, मग पांढरा हात द्यायचा. पांढरा सुकला की कळ्यांच्या खाचांतून पातळ पिवळसर रेघ ओढायची आणि शेंड्याला नारिंगी टिपका द्यायचा, ते केशर. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा, त्याचा मान वेगळा. मोदक मात्र नव्याने कामाला आलेल्या मुलीच्या हातीही देतात, कारण मोदक बिघडला तरी देव बिघडत नाही. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या आमच्या पट्ट्यात दरवर्षी असे किती मोदक रंगत असतील कोण जाणे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी घरच्या कारखान्याचा हिशेब बघते. मूर्ती मोजते, मोदक मोजत नाही.

पण लिहायला बसले आहे ते या मोदकाबद्दल नाही. मला अधूनमधून गोड खावंसं वाटतं, त्याबद्दल लिहायचं आहे. रोज वाटत नाही. महिनोन्महिने चहाही बिनसाखरेचा घेते आणि काही बिघडत नाही. मग एखाद्या दुपारी, चांगलं पोटभर जेवण झालेलं असताना, हिशेबाची वही पुढ्यात असताना, जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी जागं होतं. भूक नसते. भुकेला भाकरी चालते, ह्याला चालत नाही. आणि गंमत म्हणजे ते मागणं मोदकाचं नसतं, पुरणपोळीचं नसतं, पेढ्याचंही नसतं. ते असतं चीजकेकचं. तोही साधा, ज्यावर काहीही ओतलेलं किंवा पसरलेलं नाही असा.

साठी ओलांडलेल्या, खारेपाटात जन्मलेल्या, तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या बाईला चीजकेकची आठवण यावी यात हसण्यासारखं बरंच आहे, ते हसून घ्या. भाचीने एकदा मुंबईत हट्टाने खायला घातला, तिथून हे सुरू झालं. आता व्यापाऱ्यांकडे येणं-देणं असलं की मी दादरला जाते. दादर म्हणजे मुंबईचं. एक दादर आमच्याही तालुक्यात आहे, खाडीच्या कडेला, पण तिथे हा प्रकार मिळत नाही. हमरापूरहून गाडीने पनवेल, तिथून लोकलने कुर्ला, गाडी बदलून दादर. व्यापाऱ्याचं काम उरकायचं, पैसे किंवा पैशांचा वायदा घ्यायचा, आणि परतीच्या गाडीआधीचा अर्धा तास माझा.

काउंटरवरचा मुलगा दरवेळी विचारतो, ब्लूबेरी देऊ का, बिस्कॉफ देऊ का, आंब्याचा आलाय. मी म्हणते, वर काही नको. तो थोडा खट्टू होतो. त्याला वाटत असेल म्हातारी पैसे वाचवते आहे. फळाचा पाक आला की तोंड पाकाचंच होतं. साध्या तुकड्यात लपायला जागा नसते. दूध चांगलं नसेल, भट्टीत जास्त राहिला असेल, तर पहिल्या घासाला कळतं. तो थंड असतो, काटा आत जाताना जरासा अडतो आणि बाहेर येताना चिकटून येतो. जिभेवर आधी साखर कळते, लगेच किंचित मीठ, आणि घास टाळूला लागून विरघळायला लागला की मागून आंबटपणा येतो. तो आंबटपणा येईपर्यंत गिळायचं नाही, हे मला सवयीने समजलं. खाली चुरलेलं बिस्कीट लोण्यात थापलेलं असतं, ते मी शेवटी खाते. मी वाचलं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली मोठ्या माणसाने दिवसाला 25 ग्रॅमच्या आत वरची साखर ठेवलेली बरी असं सुचवलं. एवढ्या तुकड्यात तेवढी साखर सहज होते. म्हणजे दिवसाचा कोटा अर्ध्या तासात. हे ठाऊक असून खाते, त्यामुळे अजाणतेपणाचा फायदा मला मिळणार नाही.

तब्येतीचा प्रश्न मात्र मला फार छळत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एक तुकडा, त्याने आकाश कोसळत नाही. छळतं ते दुसरंच.

आमच्या घरात गोड कधी निमित्ताशिवाय झालं नाही. चतुर्थीला मोदक, होळीला पोळी, श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या, गाय व्याली की खरवस, पोर पास झालं की पेढे, पाहुणा आला की शिरा. मर्तिकाचे दिवस झाल्यावरसुद्धा गोडाचं जेवण करतात. दुःख उठवायलाही गोड चालतं, पण ‘मला आज खावंसं वाटलं’ हे कारण पुरत नाही. बाईला तर काय खावंसं वाटतंय हे आयुष्यात एकदाच कौतुकाने विचारतात, पोटात मूल असताना. तेव्हाही ती इच्छा तिची धरत नाहीत, आतल्या जिवाची धरतात. माझ्या डोहाळजेवणात पुढ्यात दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या होत्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढ्याची उघडली तर मुलगा, बर्फीची उघडली तर मुलगी. मला दोन्हींतलं काय आवडतं हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

नैवेद्याचंही तेच. ताट देवापुढे जातं, पाणी फिरवलं जातं, डोळे मिटले जातात, आणि ताट जसंच्या तसं परत येतं. देव काही कमी करत नाही हे ठाऊक असल्यामुळेच आपण इतके सढळ असतो. एकवीस मोदकांचा आग्रह गणपतीचा आहे की आमचा, हा प्रश्न मी कारखान्यात मोठ्याने विचारला तर लोक हसतील, पण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. माझी इच्छा मी कधी देवाच्या नावावर टाकली, कधी मुलांच्या, कधी पाहुण्यांच्या. साठ वर्षं हे इतकं बेमालूम चाललं की स्वतःच्या नावावर इच्छा ठेवायची वेळ आली तेव्हा ती ठेवायला जागाच सापडेना. चीजकेकला तिथी नाही, देव नाही. तो कुणाला दाखवून खाता येत नाही. तो मी एकटी खाते, कारण मला आवडतो. एवढंच त्याचं कारण आहे आणि ते सांगायला मला जड जातं.

आता खरा मुद्दा. ह्यांना मधुमेह आहे. निदान झालं तेव्हा घरातलं गोड बंद केलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. मी माझ्यापुरतंही बंद केलं, कारण समोरचा माणूस पथ्य करत असताना आपण लाडू खायचा हे मला बरं वाटलं नाही. तोवर ठीक होतं. पण गावात ही बातमी झाली. बाईंनी नवऱ्यासाठी गोड सोडलं. शाळेत शिकवत होते म्हणून गाव मला बाई म्हणतं, आणि बाईंनी काही केलं की त्याचा धडा होतो. हळदीकुंकवाला ताटलीतला तिळाचा लाडू मी उचलते आणि शेजारणीच्या नातवाच्या हातावर ठेवते. मग कुणीतरी म्हणतंच, बघा, एवढी वर्षं झाली, जिभेला लावत नाहीत. मी तेव्हा मान खाली घालते. ती मान खाली घालणं मला फार नीट जमतं. ना होकार, ना नकार. पदराची कड सारखी करायची आणि विषय संपायची वाट बघायची.

गोड खाल्ल्याचं मला काही वाटत नाही. न खाल्ल्याचं श्रेय घेते, त्याचं वाटतं. साखर पोटात गेली, जिरली, संपली. श्रेय जिरत नाही, वर्षाला वाढतं.

मनाची वकिली मोठी हुशार असते. पहिला बचाव असा की मी घरातलं गोड सोडलं, दादरचं सोडलं असं मी कुणाला म्हटलं होतं? हा सरळ नरो वा कुंजरो वा आहे, आणि तो करणाऱ्याचा रथ जमिनीला टेकला हे मीच पोरांना वर्गात शिकवलं आहे. दुसरा बचाव जरा बरा दिसतो. ह्यांना सांगितलं तर त्यांनाही खावंसं वाटेल, उगाच त्यांच्या पथ्याला धक्का कशाला? म्हणजे माझं लपवणं ही त्यांची सेवा. हा बचाव मी कित्येक दिवस बाळगला. मग एकदा नीट पाहिलं तर त्यात एक बारीक फट दिसली. पथ्याच्या काळजीने गप्प बसणारी बाई गावातल्या बायकांपुढेही गप्प का बसते? त्यांना कुठे मधुमेह आहे?

तिसरा बचाव तर मी पुस्तकांतून शोधून काढला, शिक्षकी सवय. चीजकेकला एखादं निमित्त मिळतंय का ते पाहिलं आणि मिळालं की! रोमचा केटो म्हणून एक करारी म्हातारा होता, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्याने शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात लिबुम नावाच्या पदार्थाची कृती आहे. दोन भाग चीज खलात चांगलं घोटायचं, त्यात एक भाग पीठ आणि एक अंडं, मळून गोळा करायचा, पानांवर ठेवायचा आणि चुलीच्या तापल्या जागेवर मातीच्या भांड्याखाली झाकून मंद भाजायचा. हा लिबुम देवाला वाहायचा पदार्थ होता. पान, मंद आच, वरून झाकण, आणि शेवटी देव. वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू. चीजकेक नैवेद्यच निघाला! मग पुढे शोधलं. ओडिशात छेना पोडं आहे, छेना आणि साखर कालवून सालाच्या पानांत भाजलेलं, तेही जगन्नाथाशी जोडतात. आपल्याकडे चक्का आहेच. आजच्या चीजकेकमधलं मऊ चीज अलीकडचं, 1872 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स नावाच्या दूधवाल्याने ते करायला घेतलं आणि 1880 मध्ये त्याला फिलाडेल्फियाचं नाव चिकटलं, कारण त्या शहराचं दूधदुभतं नावाजलेलं होतं. एवढी सगळी माहिती जमवून झाल्यावर मला माझीच लबाडी दिसली. दोन हजार वर्षं मागे जाऊन मी देव शोधत होते, कशासाठी? तर दादरच्या एका तुकड्याला कुणाची तरी परवानगी मिळावी म्हणून.

बरं, देवाचा धाक माझ्या बाबतीत अगदीच कुचकामी आहे असंही नाही. सोमवारी काम निघालं तर मी काउंटरवर न चुकता विचारते, यात अंडं आहे का? भाजलेल्या चीजकेकमध्ये बहुधा असतंच. असलं की त्या दिवशी घेत नाही, चहा पिऊन निघते. अंड्यापाशी माझा विवेक खडखडीत जागा असतो. खोट्या श्रेयापाशी तोच विवेक दुलई ओढून पडतो. सोमवार मोडला तर काय होईल कुणास ठाऊक ही भीती मला आहे. पण माणसाशी खोटं वागलं तर काय होतं, हे पक्कं माहीत असूनही भीती नाही.

आमच्याच पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला 1895 साली विनोबा भावे जन्मले. पुढे ते गांधीजींच्या आश्रमात गेले, त्या आश्रमाची जी अकरा व्रतं आहेत त्यांत अस्वाद हे एक. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमाला जी पत्रं लिहिली त्यांत या व्रताचा विचार आहे. अन्न औषधासारखं घ्यावं, चवीकडे बघून नव्हे, असा त्याचा रोख. हे वाचून मी एक युक्तिवाद केला होता, तोही सांगते. म्हटलं, मी तर साधा तुकडा घेते, मन लावून खाते, एका घासाला दोन मिनिटं लावते. बकाबका खाणाऱ्यापेक्षा मी अस्वादाच्या जास्त जवळ नाही का? नाही. आंबटपणा येईपर्यंत घास टाळूला धरून ठेवणारी बाई अस्वादव्रती असेल तर दारूचे घुटके घेणाराही संत म्हणायला हवा. मी स्वाद घेते, जितका निघेल तितका घेते, आणि त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. हे व्रत मला झेपणारं नाही आणि मला ते घ्यावंसंही वाटत नाही, इतकं स्पष्ट बोललेलं बरं.

पण विनोबांची एक आठवण मला त्या व्रतापेक्षा जास्त टोचते. गागोद्याच्या घरी फणस होता. लहानगा विन्या फणस पिकायची वाट बघायचा. पिकला की आई द्रोणांत गरे भरायची आणि शेजारच्या घरांतून वाटून यायला सांगायची. सगळीकडे पोहोचले की मग त्याला जवळ बसवून खायला द्यायची. या आईने खाऊ नको म्हटलेलं नाही. गोड गरे आहेत, खायचेच आहेत, फक्त आधी शेजारी. तिथे चवीशी भांडण नाही, लपवण्याशी आहे. पिकल्या फणसाचा वास आख्ख्या आळीला जातो, तो एकट्याने खायचा म्हटलं तरी खाता येत नाही. चीजकेकला वास नाही. फ्रीजमधला, परगावचा, त्यामुळे वाटायची वेळच येत नाही.

चिकाचंही आमच्याकडे असंच होतं. गाय व्याली की चीक विकायचा नाही, घरोघर द्यायचा, आणि ज्या भांड्यातून आला ते भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. पहिल्या धारेचा चीक इतका घट्ट की दूध घालून पातळ करावा लागतो. गूळ, वेलदोडा, जायफळ, आणि वाफ. ना विरजण, ना अंडं, तो आपला आपण थिजतो, कारण साध्या दुधाच्या चौपट प्रथिनं त्यात असतात. लहानपणी मला खरवसाइतकं काहीच आवडत नव्हतं, आणि चीजकेकमध्ये मी तोच शोधते असा मला दाट संशय आहे. तोच थंड घट्टपणा, तीच सुरी घातल्यावर दिसणारी ओलसर कड. मात्र त्या आठवणीत एक वासरू आहे, जे मी बरीच वर्षं पाहिलं नव्हतं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगांशी लढणारं जवळजवळ काही नसतं. गाईच्या वारेतून ते जात नाही. जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांत, कारण दिवस उलटला की त्याचं आतडं ते रक्तात घेणं बंद करतं. जनावरांचे डॉक्टर सांगतात, पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला पाहिजे. आमची आजी वासरू आधी सोडायची, हे मला लख्ख आठवतं. ते पोटभर पिऊ द्यायची का, की पान्हा सुटण्यापुरतं, ते आठवत नाही. आठवत नाही हे सोयीचं आहे, तेही कळतं.

दादरच्या तुकड्यात वासरू नाही म्हणावं तर तिथे दुसरं कुणीतरी आहे. त्या एका तुकड्याची किंमत आमच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बाईच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीच्या जवळपास जाते. सकाळी नऊपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती पाटावर बसते, मान खाली, डाव्या हाताने मूर्ती फिरवत. मजुरीचे आकडे मीच वहीत मांडते, त्यामुळे हा हिशेब मला मुद्दाम करावा लागत नाही, काटा हातात घेतला की आपोआप होतो. मग मी काय करते? खाते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खाते. मी न खाल्ल्याने तिची मजुरी वाढणार नाही हेही खरं, आणि मजुरी वाढवणं माझ्या हातात आहे हेही खरं. गेल्या हंगामात थोडी वाढवली. चीजकेकमुळे नव्हे, बाजूच्या कारखान्याने वाढवली म्हणून. बायका तिकडे गेल्या असत्या.

इथे एक शंका मला माझ्याबद्दलच येते. मिठाईवर एवढं आत्मपरीक्षण करणं सुखाचं आहे. प्लास्टरच्या मूर्तींचं काय? पेणच्या खाडीत, मुंबईच्या समुद्रात, तलावांत त्यांचं काय होतं हे आमच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. शाडू महाग, जड, वाळायला वेळ लागणारा, वाहतुकीत तुटणारा, गिऱ्हाइकाला मूर्ती उंच हवी आणि दर कमी हवा, आणि शेकडो घरांच्या चुली त्यावर. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी त्या प्रश्नापुढे मी अशी वही उघडून बसत नाही, कारण तिथे उत्तर मिळालं तर वर्षाची कमाई हलेल. चीजकेकपाशी उत्तर मिळालं तर फार तर एक तुकडा जाईल. लहान गोष्टीची कबुली ऐटीत देऊन मोठ्या गोष्टीचं दार लोटून घ्यायचं, ही चतुराई मला माझ्यात दिसते. ते दार या लेखात मी उघडणार नाही. उघडलं असं दाखवणारही नाही.

श्रेयाचं मात्र काहीतरी करायलाच हवं होतं. या संक्रांतीला पुन्हा लाडू समोर आला, पुन्हा कुणीतरी बघा बघा केलं. मी म्हटलं, अहो, सोडलं वगैरे काही नाही, मुंबईला गेले की खाते मी. बायका हसल्या. त्यांना वाटलं बाई विनय दाखवताहेत. म्हणजे एवढी वर्षं गप्प राहून जे मिळालं होतं ते खरं बोलून वाढलं. काय करावं! मी दुसऱ्यांदा सांगितलं, नाव सांगितलं, चीजकेक. तेव्हा एकीने विचारलं, तो कसला असतो, आणि विषय तिच्या सुनेने यूट्यूबवर बघून कुकरमध्ये केलेल्या केककडे गेला. माझं श्रेय शाबूत राहिलं.

म्हणून घरी ह्यांना सांगितलं. रात्रीची जेवणं झाली होती, ते गोळी घेऊन बातम्या बघत होते. मी म्हटलं, मी दादरला जाते ना, तेव्हा तिथे एक तुकडा गोड खाऊन येते. दरवेळी नाही, पण बऱ्याचदा. मला वाटलं होतं चिडतील, किंवा मोठेपणाने म्हणतील, अगं खा की, त्यात काय. दोन्ही झालं नाही. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, “काय असतं?”

“चीजकेक.”

“कसा लागतो?”

मी सांगायला लागले. खरवसासारखा, पण आंबूस. थंड. साखर कमी वाटते पण असते. खाली बिस्कीट. ते लक्ष देऊन ऐकत होते, मध्ये मध्ये विचारत होते, वेलदोडा असतो का, गुळाचा करतात का. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही, मला जे दिसलं ते जास्त अवघड होतं. या माणसाने एवढ्या वर्षांत एकदाही गोड मागितलं नव्हतं, आणि मी त्याचा अर्थ असा लावला होता की ह्यांना आता वाटत नाही. पथ्य चांगलं चाललंय, साखर आटोक्यात आहे, माणूस सरावला आहे. वाटत होतं. फक्त त्यालाही विचारणारं कुणी नव्हतं, आणि त्याच्यापाशी दादर नव्हतं.

त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, कधीतरी दोन घास, त्या दिवशी भात कमी, आणि साखर तपासत राहा. ते ऐकून आल्यापासून ह्यांचा बेत ठरला आहे. पुढच्या फेरीला मी पण येतो, वसुलीलाही बरं पडेल, तुला एकटीला व्यापारी फिरवतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. एक तुकडा दोघांत घेतला तर साखर निम्मी, पैसे निम्मे, लपवणं शून्य. गागोद्याच्या फणसाच्या हिशेबानेही हेच योग्य.

मी अजून हो म्हटलेलं नाही. पनवेलची गर्दी, तुमचे गुडघे, कुर्ल्याचा जिना, असं काहीबाही सांगते आहे. ते सगळं खरंच आहे, तो जिना वाईट आहे. पण मला अडतंय ते जिन्यापाशी नाही. मला त्यांना निम्मा तुकडा द्यायला काही वाटत नाही, अख्खाही देईन. मला तो अर्धा तास द्यायचा नाही, ज्यात मी कुणाची बायको नसते, कुणाची बाई नसते, आणि वर काही नको एवढंच सांगून बसलेली असते. हा अर्धा तास मी कुणाच्या वाटणीतून घेतला आहे, याचा हिशेब मला लागत नाही. परवा पुन्हा विचारत होते, श्रावण लागायच्या आत जायचं ना?